सुजलेल्या लेकराचं डोकं दुखतं तेव्हा

आमच्या भागात लेकराचं अंग सुजलं की घरातल्या सगळ्यांची नजर त्या सुजेवरच राहते. सकाळी पापण्या फुगून डोळे उघडत नाहीत, दुपारपर्यंत सूज पायांत उतरते, चड्डीच्या नाडीचा वळ पोटावर उमटतो. आजी म्हणते वारं लागलं, शेजारीण म्हणते माती खाल्ली असंल. मग कुणीतरी लघवीची गोळी देतं, दोन-तीन दिवसांत सूज ओसरते आणि घर निर्धास्त होतं. नांदेड जिल्ह्यातल्या लोह्यात लहान मुलांचा दवाखाना चालवताना मला धास्ती वाटते ती या निर्धास्तपणाची.

या आजाराला नेफ्रोटिक सिंड्रोम म्हणतात. दोन ते सहा-सात वर्षांच्या मुलांत तो जास्त दिसतो. मूत्रपिंडातल्या बारीक गाळण्या सैल पडतात आणि रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन लघवीवाटे वाहून जातं. डेसीलिटरला साडेतीन ते पाच ग्रॅम असायला हवं, ते दोनच्याही खाली घसरतं. अल्ब्युमिन हे रक्तातलं पाणी रक्तवाहिनीत धरून ठेवतं. ते गेलं की पाणी बाहेर झिरपतं. कातडीखाली, पोटात, कधी छातीत. म्हणजे बाहेरून तटतटलेल्या लेकराच्या रक्तवाहिन्यांत पाणी कमीच असू शकतं. डोळ्यांना हे पटत नाही. आयांना समजावताना मी दर वेळी अगदी पहिल्यापासून सुरुवात करते.

दिलासा एवढा की बहुतेक मुलांना प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड लागू पडतं. पहिल्या वेळी सहा आठवडे रोज आणि पुढचे सहा आठवडे दिवसाआड, अशी आपल्याकडच्या बालमूत्रपिंडतज्ज्ञांची पद्धत आहे. लघवीतली प्रथिनं थांबतात, सूज उतरते, लेकरू खेळायला लागतं. पण दहातल्या आठ-नऊ मुलांना हा आजार निदान एकदा तरी उलटतो. साध्या सर्दीचं निमित्त पुरतं.

ते लेकरूही असंच उलटलेलं होतं. तालुक्यातल्याच एका वाडीवरचं, शाळेत नुकतंच घातलेलं. आई-बाप ऊसतोडीला जाणारे, पावसाळ्यात मात्र घरी. सर्दीनंतर तोंड सुजलं, तेव्हा जवळच्या एकाने लघवीच्या गोळ्या दिल्या आणि ‘अंगात पाणी झालंय, पाणी कमी पाजा’ असं सांगितलं. त्यातच पावसाळ्याचे जुलाब लागले. वरून पाणी तोडलेलं, खालून जुलाब आणि लघवी दोन्ही चालू. दवाखान्यात आणलं तेव्हा सूज बरीच उतरलेली होती आणि बापाला त्याचंच समाधान होतं. आई मात्र अस्वस्थ होती.

“मॅडम, रातीपासून डोकं धरून रडायलंय. काही पोटात टिकंना. उजेड नको म्हणतंय.”

पाच वर्षांच्या मुलाच्या तक्रारीत पोट पहिलं येतं. डोकं दुखतंय असं ते सहजासहजी सांगत नाही, आणि सांगितलं तर ते खरंच दुखत असतं. मी त्याला बोटाकडे बघायला लावलं. डावा डोळा बाहेरच्या बाजूला वळेना, नाकाकडेच राहिला.

“आधीपासून तिरळं बघतं का हो ताई?”

“नाही वो मॅडम. कालपासून एकाचे दोन दिसायलेत म्हणतंय.”

या मुलांत डोकेदुखी आणि उलट्यांची कारणं पुष्कळ असतात. रक्तदाब वाढतो, सोडियम घसरतं, स्टेरॉइडने पोटात जळजळ होते, जंतुसंसर्ग पटकन होतो. मेनिंजायटिस तर डोक्यात ठेवावाच लागतो. म्हणून रक्तदाब मोजला, साखर पाहिली, मान वाकवून पाहिली, अंगाला हात लावून ताप पाहिला. रक्तदाब ठीक होता, ताप नव्हता, मान लवचीक होती. लॅबमधून हिमोग्लोबिनचा आकडा आला, तो नेहमीपेक्षा वर. कुपोषणाच्या काठावरच्या, एरवी रक्त कमी असणाऱ्या मुलाचं हिमोग्लोबिन अचानक चढतं तेव्हा रक्त वाढलेलं नसतं. पाणी आटून ते दाट झालेलं असतं. तो आकडा आणि तो वळलेला डोळा जोडून पाहिल्यावर मला मेंदूतल्या शिरेत गाठ असावी असा संशय आला.

हे का होतं, ते नीट सांगितलं पाहिजे. लघवीतून एकटं अल्ब्युमिन जात नाही. रक्त विनाकारण गोठू नये म्हणून शरीरात काही प्रथिनं राखणीला असतात. अँटीथ्रॉम्बिन हे त्यातलं मुख्य. ते आकाराने अल्ब्युमिनच्या जवळपासचं, त्यामुळे त्याच वाटेने निघून जातं. इकडे यकृत प्रथिनांची तूट भरायला जोमाने कामाला लागतं आणि फायब्रिनोजेनसारखी, रक्त गोठवणारी प्रथिनं भरमसाट तयार करतं. ती मोठी, म्हणून गाळणीतून सुटत नाहीत. बैलाचा खुराक वाढवावा आणि त्याच वेळी वेसण निसटावी, तसं हे होतं. त्यात जुलाब, उलट्या आणि लघवीच्या गोळीने रक्त आटलं की गाठ कुठेही धरू शकते; मूत्रपिंडाच्या शिरेत, पायाच्या शिरेत, फुफ्फुसात. नेफ्रोटिक मुलांत शंभरात साधारण तिघांना अशी गाठ होते. मेंदूत होणं त्याहून विरळ, पण नुकसान मोठं.

कवटीच्या आत, बरोबर भांगाच्या रेषेखाली, कपाळापासून मागच्या टाळूपर्यंत एक मोठी रक्तवाट जाते. मेंदूतलं वापरलेलं रक्त तिच्यातून परत निघतं. लकवा म्हणून आपण जो ओळखतो त्यात बहुतेकदा धमनी बंद होते, रक्त पोचतच नाही, आणि एक बाजू अचानक लुळी पडते. इथे रक्त पोचतं, पण परत निघायला वाट नसते. दाब हळूहळू वाढतो. आधी डोकं दुखतं, उलट्या होतात, डोळा फिरवणारी नस दबते, लेकरू सुस्त होतं. मग शिरा फुटून मेंदूत रक्त उतरतं आणि झटके येतात. म्हणजे या आजारात वेळ मिळतो. काही तास, कधी काही दिवस. तेवढ्या वेळात डोकेदुखीकडे कुणी लक्ष दिलं की नाही, यावर लेकराचं पुढचं आयुष्य ठरतं.

लोह्यात एवढंच करता येतं, की लघवीची गोळी बंद करायची, सलाईन जपून चालू करायची आणि नांदेडला फोन करायचा. या भागातल्या डॉक्टरांना तो रस्ता पाठ आहे. विष्णुपुरीचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय लोह्याकडून जाताना नांदेड शहराच्या अलीकडेच लागतं, ही आमच्या तालुक्याच्या नशिबाची गोष्ट. 108 ची गाडी बोलावली. चिठ्ठीत निदान लिहिलं आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं की शिरांचा एमआरआय हवा, आणि तो होईपर्यंत पाठीतून पाणी काढू नये. सोनखेडच्या पुढे गाडीतच झटका आला. गाडीतल्या डॉक्टरांनी औषध देऊन तो आवरला.

नांदेडला आधी साधा सीटी स्कॅन झाला. तो जवळजवळ साफ होता. हे मुद्दाम सांगते, कारण साफ सीटीच्या कागदावर विश्वास ठेवून घरी आलेली माणसं मी पाहिली आहेत. शिरेतली गाठ साध्या सीटीत अनेकदा निसटते. मग एमआरआय झाला आणि त्याबरोबर शिरांचं चित्र काढलं. भांगाखालची ती वाट चित्रात पुढच्या भागात दिसतच नव्हती. शेजारी मेंदूत नखाएवढा रक्तस्रावही होता.

त्या रात्री बापाचा फोन आला. घाबरलेला होता आणि थोडा चिडलेलाही.

“मॅडम, डोक्यात रक्त सांडलंय म्हणतेत, अन् रक्त पातळ करायची सुई देयाची म्हणतेत. आसं कसं?”

हा प्रश्न शहाण्या माणसाचा होता. डॉक्टरांनाही तो पुष्कळ वर्षं पडलेला होता. मी त्याला सांगितलं की हा रक्तस्राव पुढची वाट तुंबल्यामुळे झालाय. वाट मोकळी केली नाही तर तो वाढत जाईल. 1991 साली जर्मनीतल्या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा अभ्यास छापला. मेंदूच्या शिरेत गाठ असलेले 20 मोठे रुग्ण, दहा जणांना हेपरिन, म्हणजे रक्त पातळ करायची सुई, आणि दहा जणांना नुसतं पाणी. हेपरिन न मिळालेल्यांतले तिघं दगावले, हेपरिन मिळालेल्यांतला एकही नाही. फरक इतका ठळक दिसला की अभ्यास मध्येच थांबवला. मेंदूत आधीच रक्त उतरलेल्या रुग्णांनाही हेपरिनचा फायदाच झाला, हेही त्याच डॉक्टरांनी दाखवलं. मुलांसाठीची पद्धत बरीचशी मोठ्यांवरच्या या अनुभवातून आली आहे.

हा आजार आपल्याकडे नवा नाही, हेही सांगितलं. बाळंतपणानंतर महिन्याच्या आत बाई डोकं धरून पडते, झटके येतात, शुद्ध हरपते. जुन्या माणसांनी असं पाहिलेलं असतं आणि बाहेरचं लागलं म्हणून सोडूनही दिलेलं असतं. त्यातल्या कितीतरी बायांच्या मेंदूत हीच गाठ असते. बंगळूरच्या निम्हान्समध्ये डॉ. डी. नागराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा बाळंतिणींवर वर्षानुवर्षं काम केलं आणि हेपरिनचा उपयोग दाखवला. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटने मेंदूच्या शिरेत गाठ झालेल्या 428 रुग्णांची नोंद 2012 साली प्रसिद्ध केली. मराठवाड्यातला माणूस मोठ्या दुखण्याला आजही हैदराबादची गाडी पकडतो, त्यामुळे त्या नोंदवहीत आपलीही माणसं असतील असं मला वाटतं. बाळंतिणीला पाणी कमी देण्याची रीत या आजाराला हातभार लावते, असं भारतीय डॉक्टरांनी लिहून ठेवलंय. बाळंतीण असो की सुजलेलं लेकरू, पाणी तोडलं की रक्त दाटतं.

बापाने सही केली.

हेपरिनची यात एक अडचण असते. हेपरिन स्वतः काही करत नाही, ते अँटीथ्रॉम्बिनला हाताशी धरून काम करतं. आणि या मुलांत तेच तर लघवीतून गेलेलं असतं. त्यामुळे नेहमीचा डोस काही मुलांत पुरत नाही, रक्त तपासून वाढवावा लागतो, कधी प्लाझ्मा द्यावा लागतो. या लेकराला किलोमागे एक मिलिग्रॅम या हिशेबाने एनॉक्झॅपॅरिन हे हेपरिनच्याच जातीचं औषध दर बारा तासांनी कातडीखाली दिलं, तेवढ्यावर भागलं. झटक्यासाठी लेव्हेटिरॅसेटम निवडलं. नेहमीचं फेनिटॉइन अल्ब्युमिनला चिकटून राहणारं औषध. अल्ब्युमिनच नसेल तर त्याचा मोकळा भाग वाढतो, आणि पुढे वॉरफॅरिनशीही त्याचं जमत नाही. या सगळ्याच्या जोडीला स्टेरॉइड पूर्ण डोसात, कारण लघवीतली गळती थांबल्याशिवाय बाकीचं सगळं वरवरचं. हळूहळू उलट्या थांबल्या. डोळा मात्र सरळ व्हायला बरेच आठवडे लागले.

दवाखान्यातून सुट्टी झाली आणि लेकरू लोह्याला परत आलं. खरं कठीण काम तिथून पुढचं. मोठ्या गावातल्या डॉक्टरांना ते दिसत नाही, म्हणून त्यावर फार कुणी लिहीतही नाही. रक्त पातळ ठेवणारी वॉरफॅरिनची गोळी तीन ते सहा महिने द्यायची. तिचा परिणाम आयएनआर नावाच्या तपासणीत दोन ते तीनच्या मध्ये राहिला पाहिजे. कमी झाला तर पुन्हा गाठ, जास्त झाला तर रक्तस्राव. लेकरू बरं व्हायला लागलं, अल्ब्युमिन चढलं, की त्याच गोळीचा परिणाम बदलतो. म्हणून सुरुवातीला दर आठवड्याला रक्त.

आजोबांना आधी गोळीचंच भय. कुणीतरी सांगितलं होतं की हे उंदराचं औषध आहे. सांगणारा खोटं बोलत नव्हता. मी त्यांना मूळ गोष्ट सांगितली. 1920च्या सुमारास कॅनडात आणि अमेरिकेत जनावरं रक्त जाऊन मरू लागली. शिंगं छाटली, खच्चीकरण केलं, की रक्त थांबेना. शोध घेतला तेव्हा कळलं की बुरशी लागलेला गोड क्लोव्हर नावाचा चारा खाऊन हे होतंय. विस्कॉन्सिनमधल्या कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत त्या चाऱ्यातलं द्रव्य वेगळं केलं गेलं आणि त्यावरून पुढे वॉरफॅरिन तयार झालं. आधी उंदरांसाठी, मग 1954 पासून माणसांसाठी. आजोबांनी उभी हयात माळेगावच्या यात्रेत जनावरांची खरेदी-विक्री केलेली. सडक्या कडब्याने जनावराचं काय होतं ते त्यांना मी सांगायची गरज नव्हती. “म्हंजी मापात दिलं तर औषध,” एवढं म्हणून त्यांनी मान डोलावली आणि त्यानंतर गोळीची वेळ त्यांनीच सांभाळली.

खाण्याचं वेगळंच. हिरव्या पालेभाज्यांत व्हिटॅमिन के असतं आणि ते या गोळीच्या उलट काम करतं. काही ठिकाणी भाजी बंदच करायला सांगतात. ज्या घरात ज्वारीच्या भाकरीबरोबर अंबाडी, चुका, मेथी एवढंच कालवण असतं, तिथे भाजी बंद म्हणजे लेकराने कोरडी भाकरी खायची. मी बंद करत नाही. रोज जेवढी खातं तेवढीच खाऊ द्या, एक आठवडा भरपूर आणि दुसऱ्या आठवड्यात काहीच नाही असं करू नका, एवढंच सांगते. गोळीचा डोस भाजीशी जुळवून घेता येतो. मीठ मात्र सूज असेपर्यंत कमी. लोणचं, पापड, दुकानातल्या पुड्या बंद.

आणि सुई. आमच्याकडे तापाला सुई, अंगदुखीला सुई, सुई दिल्याशिवाय डॉक्टरने काही केलं असं वाटत नाही. वॉरफॅरिनवरच्या लेकराच्या मांडीत सुई दिली तर आत रक्त साकळतं. दुखण्याच्या डायक्लोफेनॅकच्या सुईने मूत्रपिंडालाही इजा होते. म्हणून मी एका पुठ्ठ्यावर मराठीत लिहून दिलं: या मुलाला रक्त पातळ करण्याचं औषध चालू आहे, कमरेत किंवा मांडीत सुई देऊ नये. आईने तो पुठ्ठा प्लास्टिकच्या पिशवीत घालून लेकराच्या दप्तरात ठेवला.

दिवाळीनंतर टोळी निघायची वेळ आली. मुकादमाकडून उचल घेतलेली, न जाऊन चालणार नव्हतं. लेकराला बरोबर नेलं तर कारखान्याच्या फडावर आयएनआर कुठे करणार, लघवी कोण तपासणार? चर्चेअंती ते आजी-आजोबांकडे राहिलं. आई जाताना किती वेळा वळून दवाखान्यात आली ते मी पाहिलंय. त्या महिन्यांत लेकराला सांभाळलं आजीने. तिला लिहिता-वाचता येत नाही. पण लघवीत बुडवायची पट्टी पिवळी राहते की हिरवी होते, हे तिला येतं. रोज सकाळी पट्टी बघायची आणि कॅलेंडरवर त्या तारखेला पिवळी असेल तर रेघ, हिरवी असेल तर फुली. सलग तीन दिवस फुली आली की लेकराला घेऊन माझ्याकडे. एकदा तशा फुल्या आल्याही. सूज यायच्या आधीच ती आली, आणि सूज यायच्या आधीच स्टेरॉइड वाढवून आजार आवरता आला. नेफ्रोटिकच्या मुलाला पुन्हा गाठ होऊ नये म्हणून जे काही करता येतं त्यात या पट्टीइतकं मोलाचं दुसरं काही मला माहीत नाही. महागड्या औषधांना मी कमी लेखत नाही. वारंवार उलटणाऱ्या मुलांना लेव्हामिसोल, मायकोफेनोलेट, रिटुक्सिमॅब यांनी खूप आधार दिलाय. पण ती औषधं वेळेवर सुरू करायला आधी आजार उलटल्याचं कळावं लागतं, आणि ते घरातच कळतं.

पुढे पुन्हा शिरांचा एमआरआय केला तेव्हा वाट बरीच मोकळी झालेली दिसली. वॉरफॅरिन थांबवलं. झटक्याचं औषध हळूहळू कमी करून बंद केलं. नजर शाबूत राहिली. डोळ्याच्या पडद्यामागची सूज फार दिवस राहिली तर नस सुकते आणि लेकराची दृष्टी कायमची जाते. हे या मुलाच्या बाबतीत टळलं ते आईने पहिल्याच रात्री डोकेदुखी मनावर घेतली म्हणून. ते लेकरू आज शाळेत जातं, आजार अधूनमधून उलटतो, उपचार चालू आहेत. अशी प्रत्येक गोष्ट इतकी बरी संपत नाही. उशिरा पोचलेली मुलंही या भागाने पाहिली आहेत.

लोहा, कंधार, मुखेडच्या वाड्या-तांड्यांवर काम करणाऱ्या माझ्या डॉक्टर सहकाऱ्यांना, आशाताईंना आणि ज्यांच्या घरात असं लेकरू आहे त्या आई-बापांना माझी विनंती आहे. अल्ब्युमिन न तपासता किंवा जुलाब चालू असताना सुजलेल्या लेकराला लघवीची गोळी देऊ नका. त्याचं मीठ कमी करा, पण डॉक्टरला विचारल्याशिवाय पाणी तोडू नका. नेफ्रोटिकचं लेकरू डोकं दुखतंय म्हणालं, उलट्या करू लागलं, त्याला एकाचे दोन दिसू लागले, ते सुस्त पडलं किंवा त्याला झटका आला, तर सूज उतरली की नाही हे बघत बसू नका, त्याच दिवशी नांदेड किंवा लातूर गाठा. आणि चिठ्ठीवर शिरांच्या एमआरआयची मागणी स्पष्ट लिहा किंवा लिहून घ्या, कारण साध्या स्कॅनमध्ये तो येत नाही, वेगळा मागावा लागतो.